सामान्य गृहस्थाची मोटार

मोटारगाडी हिंदुस्थानांत प्रथम आली ती राजेरजवाड्यांच्या आणि कोट्यधीशांच्या दारीं. त्यामुळें तिच्याकडे पाहण्याची सामान्य माणसाची दृष्टि बराच काळ हत्तीकडे पाहण्याच्या दृष्टीसारखीच राहिली. हत्ती रस्त्यानें चालला म्हणजे बाजूला व्हावें, मुलांना तो दाखवावा, आणि आपल्या दारांत तो झुलेल अशी कल्पना मात्र मनांत आणूं नये. पुढें ज्या देशांत मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले, तेथील कांहीं कारागिरांच्या मनांत असा विचार आला कीं, हा हत्ती लहान करतां आला तर? शाळामास्तर, पोस्टमन, दवाखान्यांतील परिचारिका, लहानसा दुकानदार यांच्या मिळकतींत त्याचा चारा बसवितां आला तर?

या विचारांतून इंग्लंडांत जी एक लहान मोटार निघाली, तिचें नांव मॉरिस मायनर. तिची हकीकत सांगण्याजोगी आहे. ती ऐकतांना श्रोत्यांनीं एक प्रश्न मात्र मनांत जागा ठेवावा: स्वस्त मोटार म्हणजे कोणाला स्वस्त? कारण ही मोटार आणि तिचीं भावंडें समुद्र ओलांडून या देशांत आलीं, त्यांतलें एक तर बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या घाटांतूनहि वर्षानुवर्षें धांवलें, आणि या प्रवासांत ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ पार बदलून गेला.

गोष्टीचा आरंभ एका सायकलीच्या दुकानापासून होतो. विल्यम मॉरिस याचा जन्म १८७७ सालचा. वयाच्या सोळाव्या वर्षीं, अवघ्या ४ पौंडांच्या भांडवलावर, त्यानें ऑक्सफर्ड येथें सायकली दुरुस्त करण्याचा धंदा सुरू केला. सायकलीवरून तो मोटारसायकलीकडे व तेथून मोटारीकडे वळला, आणि १९१३ सालीं ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ या नांवाची त्याची पहिली मोटार बाहेर पडली. त्याची रीत साधी होती. प्रत्येक भाग स्वतःच घडविण्याचा अट्टाहास त्यानें धरला नाहीं. एकाकडून इंजिन, दुसऱ्याकडून चाकें, तिसऱ्याकडून आंस असे भाग विकत घेऊन ऑक्सफर्डजवळच्या कौली येथील कारखान्यांत तो ते जोडीत असे.

१९२१ सालीं मंदी आली आणि गाड्या पडून राहूं लागल्या. अशा वेळीं किंमत धरून बसावें, ही व्यापाराची रूढ समजूत. मॉरिसनें उलट किंमती एकदम उतरविल्या. त्यामुळें खप वाढला. खप वाढल्यामुळें प्रत्येक गाडीमागचा खर्च उतरला. आणि खर्च उतरल्यामुळें किंमत आणखी कमी करतां आली. स्वस्त मोटारीचें अर्धें रहस्य या एका साखळींत आहे, आणि तिची पुढें पुन्हां गरज लागणार आहे, म्हणून ती ध्यानांत ठेवावी. सायकलवाल्या मॉरिसचा पुढें लॉर्ड नफील्ड झाला, आणि १९६३ सालीं तो वारला तोंवर शिक्षण व वैद्यक यांसाठीं कोट्यवधि पौंड त्यानें दान केले होते.

त्या काळीं इंग्लंडांत मोटारीवर मोठा विचित्र कर असे. १९२१ पासून गाडीच्या ‘अश्वशक्ती’वर, दर अश्वशक्तीस १ पौंड, असा तो बसविला गेला; परंतु ही अश्वशक्ति इंजिनाची खरी ताकद मोजून ठरवीत नसत, तर नळकांड्याचा व्यास आणि नळकांड्यांची संख्या पाहून, कागदावर गणित मांडून ठरवीत. साहजिकच इंजिनिअरांनीं नळकांडीं अरुंद आणि लांब करण्यास सुरुवात केली. कर वांचला, परंतु इंजिनें अशीं झालीं कीं इंग्लंडच्या गुळगुळीत रस्त्यांवर तीं बरी धांवत, आणि बाहेरच्या देशांतील लांब, चढणीच्या, धुळीच्या वाटांवर लवकर धापा टाकीत. हा कर अखेर १९४८ च्या आरंभीं बदलला आणि नव्या मोटारींना सरसकट १० पौंड लागूं झाले. सरकारी कराच्या एका ओळीनें यंत्राचा आकार कसा ठरतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

या करामुळेंच लहान मोटारींना विशेष मागणी आली. हर्बर्ट ऑस्टिन यानें १९२२ सालीं ‘ऑस्टिन सेव्हन’ ही चिमुकली गाडी काढली. तिला उत्तर म्हणून मॉरिसनें १९२८ सालीं जी गाडी आणली, तीच पहिली ‘मायनर’. १९३१ सालीं तिचा दोन माणसांचा एक साधा प्रकार बरोबर १०० पौंडांना विकण्यास ठेवण्यांत आला. पण मायनर हें नांव ज्या गाडीमुळें अजरामर झालें, ती याच नांवाची दुसरी गाडी. आणि ती ज्याच्या डोक्यांतून निघाली तो गृहस्थ जन्मानें इंग्लंडांतला नव्हताहि.

अलेक इसिगोनिस याचा जन्म १९०६ सालीं तुर्कस्थानांतील स्मर्ना शहरीं झाला. बापाचें कूळ ग्रीक, नागरिकत्व ब्रिटिश. आई जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतांतल्या घराण्यांतली. १९२२ च्या युद्धाच्या धामधुमींत त्या कुटुंबाला स्मर्ना सोडावें लागलें, आणि विधवा आईसह हा मुलगा इंग्लंडांत आला. इंजिनिअरिंगच्या शाळेंत तो गणितांत तीनदां नापास झाला. परंतु त्याचा हात चित्रकाराचा होता. मनांत आलेला यंत्राचा भाग तो कागदावर सरसर काढून दाखवी. १९३६ सालीं तो मॉरिसच्या कंपनींत लागला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींतच त्यानें लहान मोटारीचा आराखडा हातीं घेतला. कारखान्यांत या गाडीला ‘मॉस्किटो’, म्हणजे डांस, असें टोपणनांव होतें.

त्या काळच्या लहान मोटारी म्हणजे मोठ्या मोटारींचीं आंखूड केलेलीं रूपें असत. इसिगोनिसनें विचार उलट्या टोंकाकडून केला. आंत चार माणसें अवघडून न बसतां बसलीं पाहिजेत. मग यंत्राला जी जागा उरेल तींत यंत्र बसवावें. त्यानें इंजिन पुढें सरकविलें, चाकें १४ इंचांचीं, म्हणजे त्या काळच्या मानानें लहान घेतलीं, आणि तीं गाडीच्या चार कोपऱ्यांकडे नेलीं. निराळा पोलादी सांगाडा करून त्यावर खोका ठेवण्याची जुनी पद्धत सोडून, पत्र्याचें अंग आणि सांगाडा एकच केला. त्यामुळें वजन आणि पोलाद दोन्ही वांचलीं. पुढच्या चाकांचे धक्के खाण्यासाठीं पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्या घातल्या, आणि वळविण्यासाठीं दांतेरी पट्टीची अशी योजना केली कीं, गाडी चाकावरील बोटाच्या इशाऱ्यानें वळूं लागली. स्वस्त गाडी चालविण्यास कष्टाचीच असावयाची, हा समज या गाडीनें खोटा पाडला.

नमुना तयार झाला, पण तो इसिगोनिसला पसंत पडेना. गाडी रुंदीला कमी आणि उंच दिसे. तेव्हां त्यानें ती मधोमध उभी कापविली आणि तिचे दोन अर्ध एकमेकांपासून हळूहळू दूर सरकवून, डोळ्याला प्रमाण बरोबर वाटेपर्यंत तो पाहत राहिला. फट ४ इंचांची झाली तेव्हां तो थांबला. पण तोंपर्यंत पुढचे बंपर तयार होऊन पडले होते; म्हणून तेहि मधोमध कापून त्यांत पट्टी जोडण्यांत आली, आणि बॉनेटवर मध्यभागीं एक उंचवटा राहिला. मायनरच्या कपाळावरची ती पट्टी अशी आली.

लॉर्ड नफील्डला ही गाडी मुळींच आवडली नाहीं. पाण्यांत शिजवलेल्या सोललेल्या अंड्याची उपमा त्यानें तिला दिली. नवें इंजिन घालण्याचा बेतहि खर्चापायीं आणि वेळेपायीं सोडावा लागला, आणि जुन्या ‘मॉरिस एट’ या गाडीचें ९१८ घन सेंटिमीटरचें इंजिनच हिच्यांत बसविण्यांत आलें. धन्याची नापसंति आणि जुनें इंजिन अशा दोन अपशकुनांसह मॉरिस मायनर २७ ऑक्टोबर १९४८ रोजीं लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनांत लोकांपुढें आली; युद्धानंतरचें तें पहिलेंच मोटारप्रदर्शन होतें. कर धरून किंमत ३५८ पौंड १० शिलिंग.

आतां ‘कोणाला स्वस्त’ या प्रश्नाचा पहिला हिशेब मांडूं. १९४८ सालीं इंग्लंडांतील कारखान्यांत काम करणाऱ्या पुरुषाची सरासरी मिळकत आठवड्याला सुमारें ७ पौंड होती. म्हणजे ही गाडी त्याच्या एक वर्षाच्या कमाईइतकी पडे. वर्षाची कमाई ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण कांहीं वर्षें काटकसर केली तर हातीं येण्याजोगी ती खास होती.

मात्र पैसे जमले तरी गाडी लगेच मिळत नसे. युद्धानें इंग्लंडचा खजिना रिकामा केला होता, आणि परदेशी चलन मिळविण्यासाठीं मोटारी बाहेर धाडणें सरकारला भाग होतें. जो कारखाना जास्त निर्यात करील त्यालाच पोलाद अधिक, असा नियम होता. त्यामुळें इंग्लंडांतील गिऱ्हाइकानें नांव नोंदवून वर्षेंच्या वर्षें वाट पाहावी, आणि गाडी मिळाल्यावर ती ठराविक मुदतीपर्यंत विकणार नाहीं असें लिहून द्यावें, अशी स्थिति होती.

तरीहि दिवस पालटले. १९५२ सालीं मॉरिस आणि ऑस्टिन हे जुने प्रतिस्पर्धी एका कंपनींत आले, आणि मायनरला ऑस्टिनचें नवें इंजिन मिळालें. १९५६ सालीं तें इंजिन आणखी मोठें झालें. १९६० च्या डिसेंबरांत दहा लाखावी मायनर कारखान्यांतून बाहेर पडली. ब्रिटनमध्यें कोणत्याहि एका मोटारीनें हा आंकडा तोंवर गांठला नव्हता. १९७१ सालीं ती बंद झाली तेव्हां एकंदर सुमारें १६ लाख मायनर तयार झाल्या होत्या. जिच्यावर नाक मुरडलें त्या गाडीनेंच घर वर काढलें.

परंतु १६ लाख या आंकड्यापेक्षां दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मायनर प्रदर्शनांत मांडली गेली त्याच वर्षीं, ५ जुलै १९४८ रोजीं, ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली होती. गांवोगांव फिरणाऱ्या परिचारिका, सुइणी, टपालखातें आणि पोलीस यांनीं मायनर वापरण्यास घेतली. खेड्यांतील ज्या बाईच्या घरीं मोटार नव्हती आणि कधीं येणारहि नव्हती, तिच्या दारांत अडल्या रात्रीं सुईण घेऊन ही मोटार उभी राहूं लागली. स्वस्त मोटारीचा लाभ केवळ मालकालाच होतो असें नाहीं. मालक नसलेल्याच्या दारापर्यंत ती जेव्हां पोंचते, तेव्हांच ती खरी स्वस्त झाली असें म्हणावें.

आतां हाच हिशेब समुद्राच्या या बाजूला मांडून पाहावा. त्या काळीं १ पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै होत. १९४९ च्या सप्टेंबरांत पौंडाची किंमत उतरविण्यांत आली तेव्हां रुपयाचीहि बरोबरच उतरविली गेली, म्हणून हें प्रमाण कायम राहिलें. या भावानें मायनरचे रुपये होतात ४,७८०. महिना १०० रुपये मिळविणाऱ्या कारकुनानें घरांत एक पैसाहि न खर्चतां सारा पगार बाजूला टाकला असता, तर त्याला या गाडीसाठीं चार वर्षें लागलीं असतीं. आणि त्यांत आगबोटीचें भाडें, जकात व दलालाचा नफा धरलेला नाहीं. गाडी तीच, पत्रा तोच, इंजिन तेंच. इंग्लंडांतील मजुराला एक वर्षाची, ती येथील कारकुनाला चार वर्षांची झाली. स्वस्ताई गाडींत बसून आगबोटीवर चढत नाहीं. ती मागें बंदरावरच राहते.

मग गाडी येथेंच कां करूं नये, असा प्रश्न निघणारच. बिर्ला घराण्यानें १९४२ सालीं हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना आरंभीं काठेवाडांत ओखा बंदरीं होता. १९४८ सालीं तो कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें गेला. मॉरिसशीं तिचा करार होता. मॉरिसच्या दहा अश्वशक्तीच्या गाडीला येथें ‘हिंदुस्थान टेन’ हें नांव मिळालें, आणि १९५० च्या सुमारास मायनरहि ‘बेबी हिंदुस्थान’ या लाडक्या नांवानें रस्त्यावर आली. नांव हिंदुस्थानी असलें तरी बाळसें परदेशचें होतें. पुष्कळसे भाग पेट्यांत भरून यावेत आणि येथें जोडले जावेत, असाच तो आरंभीचा व्यवहार होता.

मुंबईनेंहि या कामांत मोठा भाग घेतला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कुर्ल्याला उभी राहिली. तिनें प्रथम अमेरिकन आणि पुढें इटालियन फियाट गाड्या घेतल्या. अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना तर शिवडीला १९२८ पासून होता. आणि १९४९ सालीं रूट्स या ब्रिटिश मंडळीच्या आधारानें मुंबईंत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी निघाली. तिच्याकडे होती ती ‘हिलमन मिंक्स’. मायनरपेक्षां किंचित् वरच्या दर्जाची, पण इंग्लंडांत तीहि मध्यमवर्गीय कुटुंबाचीच गाडी. १९३२ पासून तिकडील गृहस्थ तिच्यांतून आपलीं मुलेंबाळें फिरवीत आले होते.

सरकारनें १९४९ सालीं तयार मोटारी बाहेरून आणण्यास बंदी केली, आणि १९५३ सालीं टॅरिफ कमिशननें असें सुचविलें कीं, ज्यांना येथें हळूहळू सर्व भाग घडवावयाचे आहेत त्यांनींच हा धंदा करावा. नुसती जोडणी करणाऱ्यांना जागा नाहीं. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन बलाढ्य कंपन्यांनीं त्यानंतर येथील काम आंवरलें. हिलमनची कथा मात्र निराळ्याच वळणानें संपली. ज्या कंपनींत ती गाडी जोडली जाई, ती कंपनी पुढें मद्रासच्या उद्योगपतींच्या हातीं गेली, आणि तिच्या भांडुपच्या कारखान्यांतून मोटारीऐवजीं लॅंब्रेटा स्कूटर निघूं लागली.

या बदलांत केवढा अर्थ भरला आहे पाहा! ब्रिटिश कुटुंबाची स्वस्त मोटार हिंदी कुटुंबाला परवडत नाहीं असें दिसून आलें, तेव्हां चार चाकांचीं दोन झालीं. पुढें मुलगा उभा, मध्यें गृहस्थ, मागें गृहिणी आणि तिच्या मांडीवर तान्हें मूल: हें दृश्य पुढें तीस चाळीस वर्षें महाराष्ट्रांतील प्रत्येक शहरांत दिसत होतें. पुण्याच्या बजाजनें १९७२ सालीं ‘चेतक’ आणली, तींत हीच परंपरा चालू राहिली. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाची पहिली मोटार ही मोटार नव्हतीच. ती स्कूटर होती.

उत्तरपाड्याची गाडी मात्र टिकली. ‘बेबी’ थोडक्यांत संपली, पण तिच्या थोरल्या बहिणीनें येथें घर केलें. मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या आवृत्तीची १९५४ सालीं ‘लँडमास्टर’ झाली, आणि तिसऱ्या आवृत्तीची १९५७-५८ च्या सुमारास ‘ॲम्बॅसडर’. इंग्लंडांत ही ऑक्सफर्ड कांहीं वर्षांतच जुनी ठरून बंद झाली. येथें ती मे २०१४ पर्यंत तयार होत होती. आईबापांच्या घरीं जिला कोणी विचारलें नाहीं, ती सासरीं पन्नासांवर वर्षें नांदली.

ती कां नांदली, हें समजून घेण्यास बुलढाणा जिल्हा हें चांगलें ठिकाण आहे. या जिल्ह्याचे निसर्गानेंच दोन मजले केले आहेत. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगांव, शेगांव, जळगांव जामोद आणि संग्रामपूर. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगांव राजा आणि सिंदखेड राजा. रेल्वे आणि कापसाची बाजारपेठ खालीं, कचेरी वर. जिल्ह्याचें मुख्य ठिकाण समुद्रसपाटीपासून २,००० फुटांहून अधिक उंचीवर, आणि मलकापूर स्टेशनापासून तेथें जावयाचें म्हणजे सुमारें ४५ किलोमीटर वाट आणि तींत राजूरचा घाट. खामगांवकडून यावें तर बोथ्याच्या जंगलांतून चढावें लागतें. घाटाखालची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत चाकाला धरून बसते.

अशा प्रदेशांत गाडीचें मोल ती किती वेगानें पळते यावर ठरत नाहीं. बंद पडल्यावर ती कोठें आणि कोणाकडून दुरुस्त होते, यावर ठरतें. ॲम्बॅसडरचें पोट जमिनीपासून उंच, पत्रा जाड, मागच्या चाकांना बैलगाडीच्या कारागिरालाहि समजतील असे पोलादी पाटे, आणि बांक असा लांब कीं त्यावर तीन बसावेत म्हणून केलेला, पण पांच बसत. तिच्या रचनेंत वर्षानुवर्षें थोडाच फरक झाला. ही तिची उणीव म्हणून पुष्कळ टीका झाली, आणि ती खोटी नव्हती. परंतु त्यामुळेंच तालुक्याच्या गांवचा कोणताहि मिस्त्री तिच्या अंतरंगाचा जाणकार झाला. एका गाडीचा सुटा भाग दुसरीला बसे. बापाच्या हाताखालीं शिकलेला मुलगा तेंच इंजिन उघडी. कलेक्टर, मंत्री आणि पुढारी यांच्या दौऱ्यांत तीच असे. लग्नांत फुलें लावून तीच सजे. आणि स्टेशनाबाहेर भाड्यासाठींहि तीच उभी राही.

पण ती सामान्य गृहस्थाची झाली का? तसें म्हणतां येत नाहीं. येथें मॉरिसच्या त्या साखळीची आठवण करावी: किंमत कमी म्हणून खप अधिक, खप अधिक म्हणून किंमत आणखी कमी. हिंदुस्थानांत ही साखळी जुळलीच नाहीं. किती गाड्या करावयाच्या यावर परवान्याची मर्यादा. गाडी ही चैनीची वस्तु म्हणून तिच्यावर कर. कंपन्या मोजक्या, म्हणून चढाओढ नाहीं. आणि गिऱ्हाईक नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबलेलें. इंग्लंडांतहि १९४८ सालीं गिऱ्हाईक थांबत होतें. पण तें थांबणें कांहीं वर्षांत संपलें, आमचें चाळीस वर्षें चाललें.

प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनीं १९४९ सालींच एका लहान मोटारीचा नमुना स्वतः तयार केला होता. पुढें अनेक वर्षें ते तो सुधारीत राहिले. त्या गाडीचें नांव ‘मीरा’. ती कारखान्यांत जाऊं शकली नाहीं. इसिगोनिसलाहि गणिताची पदवी नव्हती आणि धन्याची पसंति नव्हती. परंतु त्याच्या पाठीशीं कौलीचा कारखाना होता. कल्पना आणि हात दोन्हीकडे होते. तिसरी वस्तु एकीकडेच होती.

साखळी येथें प्रथम जुळली ती १४ डिसेंबर १९८३ पासून, मारुति ८०० या गाडीनें. आणि तिचें मूळ ब्रिटिश नव्हतें, जपानी होतें. पुढें १० जानेवारी २००८ रोजीं टाटांनीं १ लाख रुपयांची ‘नॅनो’ जाहीर केली. स्कूटरवर भिजत जाणारें चौघांचें कुटुंब डोळ्यांपुढें ठेवून ती योजिली होती. हेतु थोर होता, तरी २०१८ सालीं ती थांबली. सामान्य माणसाला परवडणारी वस्तु हवी असते, पण ‘गरिबांची’ अशी पाटी लावलेली वस्तु नको असते. मायनर ही गाडी कोणी गरिबांची म्हणून विकली नाहीं. चांगली लहान गाडी म्हणून विकली, आणि सरदारापासून सुइणीपर्यंत सर्वांनीं ती घेतली. हा धडा लहान दिसला तरी मोलाचा आहे.

मग इतकीं वर्षें बुलढाण्याच्या सामान्य कुटुंबाची गाडी कोणती होती? उत्तर घरोघर ठाऊक आहे. मायनरच्या जन्माच्या वर्षींच, १ जून १९४८ रोजीं, पुणें ते अहमदनगर अशी सरकारी एस. टी.ची पहिली बस धांवली. वऱ्हाड १९५६ सालीं मुंबई राज्यांत आलें, १९६० सालीं महाराष्ट्र झालें, आणि तें जाळें घाटावर व घाटाखालीं पसरलें. माहेरवाशीण, परीक्षेचा विद्यार्थी, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी, शेगांवचा वारकरी यांना त्या लाल गाडीनें नेलें आणि आणलें. पन्नास जणांची मिळून एक मोटार, हा स्वस्ताईचा आपला मार्ग. तो इंग्लंडच्या मार्गाहून निराळा खरा, पण उणा नव्हे.

तरी त्यांत एक खोट राहिली, ती लपवूं नये. एस. टी. वेळापत्रकानें येते, दुखणें वेळापत्रकानें येत नाहीं. इंग्लंडांतील सुईण मायनर घेऊन बाळंतिणीच्या दाराशीं जात होती, त्या काळांत येथील बाळंतीण बैलगाडींत घालून दवाखान्याकडे न्यावी लागे, आणि वाटेंत नदीला पाणी असलें तर कांठावर थांबावें लागे. दोन देशांतील अंतर किती होतें, हें पौंड आणि रुपये यांच्या हिशेबापेक्षां या एका गोष्टींत अधिक कळतें. २०१४ सालीं ॲम्बॅसडर बंद झाली, आणि त्याच सालीं महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. कोणत्याहि गृहस्थाच्या मालकीची नसलेली, पण हांक मारतांच दाराशीं येण्याचें वचन देणारी ती मोटार होय. तें वचन प्रत्येक वाडीवस्तीवर वेळेवर पाळलें जाणें, हें आतांचें काम आहे.

११ डिसेंबर २०२२ पासून याच जिल्ह्यांतून, मेहकर आणि सिंदखेड राजा यांच्या बाजूनें, समृद्धि महामार्ग धांवूं लागला. त्यावर ताशीं १२० किलोमीटर वेगाची परवानगी आहे. आरंभीची मायनर जीव तोडून पळाली तरी ताशीं १०० किलोमीटरच्या पलीकडे फारशी जात नसे. गाड्या वाढल्या, रस्ते वाढले, हप्त्यांवर मोटार घेणाऱ्या कुटुंबांची संख्याहि वाढली. म्हणून जुना प्रश्न संपला असें नाहीं. मोटार घेण्यापूर्वीं गृहस्थानें अजूनहि तीन गोष्टी पाहाव्या: ती घेण्यास वर्षाची किती कमाई लागते, ती पोसण्यास महिन्याची किती लागते, आणि ती अडली तर जवळचा मिस्त्री तिला ओळखतो का. आणि राज्यकर्त्यांनीं चौथी पाहावी: ज्याच्या दारांत मोटार नाहीं, त्याच्या दारापर्यंत अडल्या रात्रीं ती पोंचते का. मॉरिस मायनर ही लहान, लठ्ठ, अंड्यासारखी गाडी आपल्या देशांत या चारहि परीक्षांना उतरली, म्हणूनच ती बंद होऊन पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं तरी तिकडील लोक तिचें नांव प्रेमानें घेतात.